उजवीकडून उघडणारी वही

यंदा मे महिना लागला तसे आमच्या घरातले सगळेजण पाय न वाजवता चालू लागले. नातीची, ऋताची, सीईटी आहे. टीव्हीवर चादर टाकलीय, कुकरच्या शिट्ट्या दुपारी होणार नाहीत अशी सूनबाईंनी व्यवस्था केलीय, आणि मला, म्हणजे घरातल्या सगळ्यात जास्त खोकणाऱ्या माणसाला, गॅलरीत खुर्ची दिलीय. ऋताच्या खोलीत कूलर आहे, क्लासच्या जाडजूड नोट्स आहेत, वाटीत भिजवलेले बदाम आहेत, अडलंच तर विचारायला तीन तीन सर आहेत. तरी परवा दुपारी ती बाहेर आली, कठड्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, फार एकटं एकटं वाटतं हो."

आमच्या पिढीच्या जिभेवर अशा वेळी एक वाक्य तयारच असतं. "आमच्या वेळी" असं ते सुरू होतं आणि ऐकणारा उठून गेल्यावर संपतं. मी ते गिळलं. पण ऋताच पुढं म्हणाली, "तुम्ही कसं केलं असेल? तुम्हाला तर शिकवायला कुणीच नव्हतं. सगळा सेल्फ स्टडी." मी नेहमीप्रमाणे मान डोलावली. ही गोष्ट आमच्या घरात मीच रुजवलेली आहे. मुलांना सांगितली, सुनेला सांगितली, निवृत्तीच्या समारंभात पाटबंधारे खात्याच्या सगळ्या सहकाऱ्यांसमोर सांगितली. एका उन्हाळ्यात, एका रिकाम्या घरात, एकट्यानं अभ्यास करून मी कॉलेजची प्रवेशपरीक्षा पास झालो. यातला उन्हाळा खरा आहे, रिकामं घर खरं आहे, आणि एकटेपणाही खरा आहे.

तो पोलीस अ‍ॅक्शननंतरचा दुसरा उन्हाळा. निजामाचं राज्य गेलं होतं आणि त्याचा आनंद मला अगदी मनापासून झाला होता. मिरवणुकीत ओरडून ओरडून आठवडाभर माझा घसा बसला होता. पण राज्य जातं तेव्हा जाताना आपली पुस्तकंही घेऊन जातं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही वैजापूरचे, घरात चोख मराठी. पण शाळा उर्दू. भूगोल, इतिहास, गणित सगळं उर्दूतून. त्रिकोण म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, मुसल्लस माहीत होता. वर्तुळाला मी दायरा म्हणायचो आणि गुणाकाराला जर्ब. आजही भाजीवाल्यासमोर मनातल्या मनात गुणाकार करायची वेळ आली की ओठ हलतात ते "सात अट्ठे छप्पन" असेच हलतात, आणि सूनबाई समजतात म्हातारा काहीतरी पुटपुटतोय.

मॅट्रिक झालो आणि कळलं की कॉलेजात आता सगळं इंग्रजीतून चालणार. उर्दू शाळांतून आलेल्या पोरांनी आधी एक प्रवेशपरीक्षा द्यायची, एक पेपर इंग्रजीचा, एक गणिताचा, आणि गणितसुद्धा इंग्रजीत लिहायचं. परीक्षा जूनमध्ये. मधे दोन महिने. माझे वडील, अण्णा, वैजापूरच्या तहसिलीत पेशकार होते. त्यांचं उर्दू अक्षर असं की लोक अर्ज लिहून घ्यायला दुसऱ्या तालुक्यातून यायचे. तेही पन्नाशीत पाटीवर मराठी मसुद्यांचे नमुने गिरवत होते, आणि कुणी आलं की पाटी उशाखाली सारत होते. मला म्हणाले, "जमलं तर बघ. नाय जमलं तर जिनिंगवर जागा हाय, शेटनं शब्द दिलाय. सरकीत आयुष्य जाईल, पण जाईल." मला इंजिनिअर व्हायचं होतं. नदीवर पूल बांधणारा माणूस मी लहानपणी एकदा पाहिला होता आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नव्हतं. इंजिनिअरिंगच्या वाटेवरचं पहिलं दार म्हणजे हे कॉलेज, आणि त्या दाराला ही परीक्षा. पास झालो तर पूल, नाहीतर सरकी.

शहरातल्या बोर्डिंगात राहून मी ज्या शाळेत शिकलो, तिथं आम्हाला गणित शिकवायचे ते कादरी सर. उंच, किंचित वाकलेले, शेरवानीच्या खिशात कायम खडूचा तुकडा. हात न उचलता फळ्यावर असं वर्तुळ काढायचे की सुरुवात कुठं आणि शेवट कुठं ते ओळखू यायचं नाही. शाळा मराठी झाली आणि सरांना घरी बसावं लागलं. त्यांना मराठी येत होती, पण ती मंडईतली मराठी. तिच्यात दायरा कसा समजावून सांगायचा हे त्यांना माहीत नव्हतं. शिवाय ते दिवस असे होते की माणसाच्या आडनावावरून त्याचा सगळा मागचा इतिहास ठरवला जायचा. सरांचा कशातही हात नव्हता. तरी रस्त्यात लोक त्यांच्याशी बोलायचे थांबले होते, आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा चौकात भेटले तर नमस्कार लहान करायला लागलो होतो. सरांची मुलगी हैदराबादला दिली होती. तिच्याकडे दोन महिने राहून यावं असं त्यांनी ठरवलं. आमचं बोर्डिंग उन्हाळ्यात बंद, अभ्यासासाठी शहरातच थांबायचं तर मला राहायला जागा नाही. सरांनी मला बोलावून शहराच्या लष्करी छावणीतल्या आपल्या घराची किल्ली दिली.

"दो महीने की बात है बेटा," ते म्हणाले. "बंद घर बीमार पड़ जाता है. तुम रहो, पढ़ो, दरवाजा खुला रखो."

मग त्यांनी एक वही पुढं केली. उर्दू वहीसारखी उजवीकडून उघडणारी, शिवलेली, बाहेर जाड निळा कागद चिकटवलेली. आत उजव्या बाजूला गणितातले उर्दू शब्द, डाव्या बाजूला त्यांचे इंग्रजी. जाविया, अँगल. मुतवाजी, पॅरलल. त्यापुढं नमुन्याची उदाहरणं, एकेक पायरी सुटी करून इंग्रजीत मांडलेली. सरांना स्वतःला इंग्रजी जेमतेम यायची. शब्दकोश मांडीवर घेऊन त्यांनी एकेक अक्षर आकृती काढावी तसं काढलं होतं. ते म्हणाले, "इसमें गलतियाँ होंगी. मिलें तो मेरे को लिखना. मैं भी सीख लूँगा."

एप्रिलच्या मध्यावर एका सकाळी सर आणि त्यांची बायको, म्हणजे आमची चाची, टांग्यात बसून स्टेशनला गेले. दोन महिन्यांसाठी गेलेली ती माणसं परत आली नाहीत, तिकडंच राहिली, पण तेव्हा ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

घर छावणीच्या बाजारामागच्या गल्लीत होतं. तीन खोल्या, पुढं अंगण, अंगणात कडुलिंबाचं झाड. दुसऱ्याच्या घरात एकटं राहणं म्हणजे काय ते मला पहिल्या आठवड्यात कळलं. तुम्ही कितीही जपून वागलात तरी त्या घराला तुम्ही पसंत नसता. तख्तावर, म्हणजे सरांच्या लाकडी बैठकीवर, बसलो की ते करकरायचं. फळीवर जिथं कुराण ठेवलेलं असायचं तिथलं लाकूड बाकीच्या फळीपेक्षा गडद होतं, आणि जेवताना माझं तोंड तिकडं आलं की मी पाट फिरवून घ्यायचो. स्वयंपाकघरात सरांनी प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवली होती. शक्कर. चाय. जीरा. हल्दी. अभ्यास नको झाला आणि दुसरं काही वाचायला नसलं की मी डबे वाचायचो. एका डब्यावर लिहिलं होतं, "यह खाली है." तो मी तीनदा उघडून पाहिला आणि तो खरोखरच रिकामा होता.

घड्याळ सर सोबत घेऊन गेले होते. वेळ कळायची ती पलटणीच्या बिगुलावरून. पहाटेच्या बिगुलाला उठायचं, लिंबाखाली पाणी शिंपडून बसायचं, ऊन अंगणात उतरेपर्यंत बीजगणित. मग भाकऱ्या थापायच्या. माझ्या भाकरीचा आकार कुठल्याही भूमितीत बसत नसे. सोबत चाचीनं ठेवलेलं कैरीचं लोणचं, बरणी दाखवून ती म्हणाली होती, "शरमाना नक्को, खाना." दुपारी पत्रे तापून तडतडायचे, गल्लीतली कुत्रीसुद्धा गटाराकडेच्या ओलीत निपचित पडायची. तेव्हा मी मधल्या खोलीत फरशीवर ओलं धोतर पसरून त्यावर पोट टेकून भूमिती करायचो. उठलो की पोटावर फरशीच्या रेघा उमटलेल्या असायच्या. त्या सगळ्या एकमेकींना मुतवाजी, म्हणजे इंग्रजीत पॅरलल, असं मी मोठ्यानं म्हणायचो. तेवढीच उजळणी.

गणित मला येत होतं, खोटी नम्रता कशाला. अडचण वेगळीच होती. उर्दूत शून्य म्हणजे नुसता ठिपका. दोनशे पाच लिहायचे म्हणजे दोन, ठिपका, पाच. हात तसाच वळलेला. इंग्रजी अंकांत तेच केलं की दोनशे पाचाचे अडीच होऊन बसत. आणि इंग्रजी शून्य दिसलं की डोळा त्याला घाईत पाच वाचायचा, कारण उर्दूतला पाच असाच गोल पोटाचा. पहिल्या महिन्यात मी सोडवलेल्या प्रत्येक उदाहरणाची रीत बरोबर आणि उत्तर भलतंच. चूक सापडायला तासतास जायचा, आणि सापडली की हसायला कुणी नाही. वर्गात हेच झालं असतं तर अख्खा वर्ग खो खो हसला असता, मीही हसलो असतो आणि चूक तिथंच संपली असती. एकट्याची चूक संपत नाही, ती घरभर मागं मागं हिंडते.

त्या उन्हाळ्यात एकदा बाजारात रॉकेल आणायला गेलो. दुकानदारानं विचारलं, "क्या होना?" मी तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. घसा खाकरला, पुन्हा प्रयत्न केला. तेव्हा लक्षात आलं, परवा सकाळपासून मी एकही शब्द दुसऱ्या माणसाशी बोललो नव्हतो. मला फार वाईट वाटलं. रॉकेलची बाटली हातात घेऊन मी उगाच बाजारात दोन चकरा मारल्या, कुणाकुणाला नको त्या वस्तूंचे भाव विचारले, परेडच्या मैदानाच्या कडेला उभा राहून शिपायांची कवायत पाहिली. इतकी माणसं एकाच वेळी एकच पाय उचलतात याचा मला त्या दिवशी हेवा वाटला.

दर आठ-दहा दिवसांनी हैदराबादहून सरांचं कार्ड यायचं. त्यावर खुशालीची एक ओळ, खाली एक सवाल. तेवढंच. उत्तर लिहून पाठवायचं नाही; पुढच्या कार्डात ते फक्त विचारायचे, "हुआ?" झालं नसेल तर तोच सवाल थोड्या वेगळ्या शब्दांत पुन्हा. वहीत चूक सापडली तर कळव म्हणाले होते, आणि मला एक सापडली. काटकोन त्रिकोणातल्या सर्वांत लांब बाजूला आणि वर्तुळातल्या जीवेला उर्दूत एकच शब्द आहे, वतर. सरांनी दोन्हींसमोर इंग्रजी एकच लिहिलं होतं, कॉर्ड. वाचनालयातल्या पुस्तकात मला त्रिकोणाच्या बाजूचा तो लांबलचक दुसरा शब्द मिळाला, हायपोटेन्यूज. मी घाबरत घाबरत कळवलं. आठ दिवसांनी कार्ड आलं. सवाल नेहमीचा, पण वर ओळ होती: "आज तुमसे एक लफ्ज सीखा. रात को खाना अच्छा लगा." मी ते कार्ड तख्ताच्या फळीत खोचून ठेवलं. अठरा वर्षांच्याही नसलेल्या पोराला कुणी असं कधी लिहिलेलं नव्हतं.

कार्ड घेऊन येणारा पोस्टमन गल्लीच्या तोंडापासूनच हाका मारत यायचा. कार्ड उघडंच, वाचता आलं नाही तरी लिपी दिसायचीच. एकदा कार्ड हातात न देता धरून ठेवत तो म्हणाला, "हैदराबादचं हाय. उर्दू दिसतंय. कोण हाय रं तिकडं तुजं?"

"हायेत एक ओळखीचे," मी म्हणालो.

"जपून बाबा. दिवस लई वाईट हायेत."

तो गेल्यावर मी अंगणात उभा राहून विचार केला की "आमचे सर" म्हणायला काय झालं होतं. ओळखीचा तर तो पोस्टमनही होता. मग कार्डावरचा सवाल सोडवायला बसलो आणि विसरलो.

मेच्या शेवटी अण्णा आले. पाठीवर ज्वारीच्या पिठाची पिशवी, हातात शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. मला पाहून दारातच थबकले. "लई वाळलास की रं. जेवतो का नाय?"

"जेवतो."

"कशाचं जेवतो, आरशात बघ जरा." आत येऊन त्यांनी घर पाहिलं, तख्तावर न बसता खाली सतरंजीवर बसले. निळी वही पुढ्यात पडली होती. त्यांनी ती उचलली, सवयीनं उजवीकडून उघडली आणि पानं उलटत राहिले. एका ओळीवरून हलकेच बोट फिरवलं. त्यांच्यासारख्या अक्षरवाल्याला ते इंग्रजी अक्षर किती कष्टानं काढलंय ते लगेच कळलं असणार. मग म्हणाले, "मास्तरला माज्यापेक्षा दोन वर्सं जास्तीच झाली असत्याल. या वयात हे केलंय त्यानं. उपकार इसरू नको बरं का त्यांचे."

"नाही विसरणार."

"परीक्षा झाली की कळव. जिनिंगचा शेट इचारत होता." संध्याकाळच्या गाडीनं ते परत गेले. जाताना पिठाच्या पिशवीत खाली गूळ आहे असं सांगायला ते गल्लीच्या टोकावरून माघारी आले. ते गेल्यावर घर आधीपेक्षा मोठं वाटायला लागलं. मी डोळे पुसले आणि भाकरीऐवजी नुसता गूळ खाऊन झोपलो.

परीक्षा जूनच्या पहिल्या आठवड्यात झाली. इंग्रजीचा पेपर सुट्या कागदांवर होता, तो बरा गेला. गणिताचा पेपर हातात आला आणि माझ्या अंगावर आनंदाचा काटा आला, कारण मला सगळं येत होतं. उत्तरपत्रिका म्हणजे साध्या शिवलेल्या कागदांची वही. मी ती समोर ओढली, उघडली, वर कोपऱ्यात नंबर टाकला आणि सुटलो. ठिपक्याच्या जागी प्रत्येक वेळी काळजीपूर्वक गोल शून्य काढलं. त्रिकोणांना अलिफ-बे-जीम न म्हणता ए-बी-सी म्हणालो. वेळ संपायला थोडा अवकाश असताना शेवटचं उदाहरण संपवून पान उलटलं, तर समोर छापील मजकूर: विद्यार्थ्याचा क्रमांक, विषय, दिनांक, आणि सूचना. ते वहीचं पहिलं पान होतं. मी दोन महिने निळी वही उघडत होतो तशीच ही वही उजवीकडून उघडली होती, आणि इंग्रजीतला हा गणिताचा पेपर शेवटच्या पानापासून सुरू करून पहिल्या पानावर आणून संपवला होता.

मी पानं भराभर मागं उलटली. ओळी डावीकडून उजवीकडे, पानं मात्र सगळी उलटी. तपासणारा वही सरळ उघडणार, त्याला आधी शेवटचं उदाहरण दिसणार, तेही मधूनच, आणि पुढं सगळा गोंधळ. अशी चूक पुण्या-मुंबईच्या पोराच्या हातून जन्मात होणार नाही. आम्हीच ती करू शकत होतो. पर्यवेक्षक कुठून तरी बाहेरून आलेले, शांत स्वभावाचे गृहस्थ होते. माझा चेहरा पाहून जवळ आले, वही पुढून-मागून चाळली आणि हळूच म्हणाले, "पुन्हा लिहायला वेळ नाही आता. काय झालंय ते पहिल्या पानावर लिहून टाका. फार तर हसतील." छापील सूचनांच्या खाली मी इंग्रजीत एक ओळ लिहिली. तिचा अर्थ असा होता: महाशय, मी शेवटाकडून सुरुवात केली आहे, तरी कृपया वही दुसऱ्या बाजूनं पाहावी.

त्यानंतरचे पाच-सहा दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत रिकामे दिवस. अभ्यास उरला नव्हता. वही उघडायला भीती वाटायची. सरांना काय झालं ते कळवायचं धाडस होईना; मी नुसतं लिहिलं, "पेपर हो गया, नतीजे का इंतजार है." उरलेला वेळ अंगण झाडत बसायचो. लिंबोळ्या पडायला लागल्या होत्या, कितीही झाडलं तरी संध्याकाळी पुन्हा अंगण पिवळं. मनात मी जिनिंगमध्ये जाऊन बसलोही होतो. सरकीचा वास येऊ लागला होता.

मग फलकावर नोटीस लागली की काही जणांना ऑफिसात भेटायला बोलावलंय. त्यात माझा नंबर होता. दाराबाहेर बाकावर आम्ही चार-पाच पोरं. दाराला वरखाली मोकळ्या अशा अर्ध्या फळ्या, आतलं सगळं ऐकू यायचं. माझ्या आधी एक पोरगा आत गेला. त्याला कुणीतरी विचारलं, "गणित कुणाकडं शिकलास?" त्यानं एका मौलवीसाहेबांचं नाव घेतलं. दुसरा एक आवाज मराठीत म्हणाला, "ते कराचीला पळाले ते का?" आतून कागद सरकवल्याचा आवाज आला. पोरगा बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. आणि माझं नाव पुकारलं गेलं.

टेबलापलीकडे दोघं होते. एक मद्रासकडचे, जाड भिंगांचा चष्मा लावलेले गणिताचे प्राध्यापक. दुसरे खादीची टोपी घातलेले, कमिटीतले कुणी गृहस्थ. प्राध्यापकांपुढं माझी उत्तरपत्रिका होती. त्यांनी माझी ती ओळ मोठ्यानं वाचली आणि पोट धरून हसले. मग इंग्रजीत, पण अगदी सावकाश म्हणाले, "मी वही दुसऱ्या बाजूनं पाहिली. फार स्वच्छ काम आहे. प्रत्येक पायरी सुटी केली आहेस. हे तुला कुणी शिकवलं?"

खादीच्या टोपीनं मान वर केली.

नाव माझ्या ओठांवर होतं. अगदी खरं सांगतो, पहिलं अक्षर मी उच्चारायलाही घेतलं होतं. बाहेर आलेल्या पोराचा चेहरा डोळ्यांपुढं आला, जिनिंग आली, पूल आला. मी म्हणालो, "कुणी नाही सर. मी स्वतःच अभ्यास केला."

"स्वतःच?"

"हो सर. एकट्यानं."

कमिटीतले गृहस्थ प्राध्यापकांकडं वळून समाधानानं म्हणाले, "बघा. पोरगं असावं तर असं. कुणाच्या कुबड्या नाहीत." प्राध्यापकांनी माझी वही मिटली. त्यांनी माझ्याकडं क्षणभर पाहिलं आणि कागदावर सही केली. मला प्रवेश मिळाला. पुढं कॉलेज सुरू झालं तेव्हा तो उतरल्या चेहऱ्याचा पोरगाही माझ्याच वर्गात, माझ्या पुढच्याच बाकावर होता. नाव सांगून त्याचं काहीही बिघडलं नव्हतं.

त्या दिवशी मी छावणीपर्यंत चालत आलो, अर्ध्या वाटेत चक्क पळालो. मिळालेली गोष्ट सांगायला धावत सुटावं आणि घरी सांगायला कुणी नसावं, एवढंच मला तेव्हा दुःख वाटत होतं. अण्णांना कार्ड टाकलं. लोणच्याची बरणी पुसून संपवली. खोटं बोललो याचं म्हणावं तसं वाईटही वाटलं नाही. उद्या सरांना पास झाल्याचं लिहू, बाकीचं कशाला लिहायचं, असं ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टमननं सरांचं कार्ड आणून दिलं. हैदराबादचा शिक्का चार-पाच दिवसांपूर्वीचा. मधे रविवार येऊन गेला होता. या वेळी सवाल नव्हता. त्यांनी लिहिलं होतं: "नतीजा अच्छा ही होगा, मुझे फिक्र नहीं. एक बात. कोई पूछे किससे पढ़ा, तो मेरा नाम न लेना. जमाना नाजुक है, तुम्हारा नुकसान होगा. कह देना, खुद पढ़ा. यह झूठ भी नहीं. पढ़ा तो तुम्हीं ने है."

मी अंगणात खाली बसलो. आदल्या दिवशी ज्या वेळी मी त्यांचं नाव गिळलं, तेव्हा हे कार्ड शहरात येऊन पोस्टाच्या थैलीत पडलेलं असणार. एक दिवस आधी माझ्या हातात आलं असतं तर माझं वागणं म्हणजे त्यांची आज्ञा पाळणं झालं असतं. मी जे भीतीपोटी केलं होतं, तेच करायची परवानगी त्यांनी मायेपोटी आधीच लिहून पाठवली होती. त्यांनी मला चांगलं ओळखलं होतं, याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटली.

खरं लिहायला तेव्हाही वेळ होता. कार्ड समोर होतं, दौत होती, दिवसभर मोकळा होता. मी उर्दूत लिहिलं, "पास झालो, प्रवेश मिळाला. कुणाकडं शिकलास असं विचारलं होतं. आपल्या सांगण्याप्रमाणेच केलं." तारखेच्या जागी मी तारीख टाकली नाही; त्यांचं कार्ड आधी आलं की तो प्रश्न आधी आला, हे त्यांना ताडता येऊ नये म्हणून.

आठ दिवसांनी त्यांचं शेवटचं कार्ड आलं. शाळेतल्या सगळ्या वर्षांत कादरी सरांनी त्यावरचा तो एक शब्द वर्गात कुणाला दिल्याचं मला आठवत नाही. बरोबर उत्तराला ते फक्त मान हलवायचे. कार्डावर दुसरं काहीच नव्हतं. मधोमध, फळ्यावर लिहावं तसं मोठ्या अक्षरात त्यांनी लिहिलं होतं, "शाबाश."